जुनी चेतक, नवी चेतक

काही वस्तू घरात वस्तू म्हणून येतात आणि हळूहळू कुटुंबाचा घटक होऊन बसतात. मागच्या पिढीतील मध्यमवर्गीय घरांत शिवणयंत्र, रेडिओ आणि स्कूटर यांना तो मान लाभला होता. शिवणयंत्र माळ्यावर गेले, रेडिओ मुका झाला. स्कूटर मात्र बंद पडून, विस्मृतीत जाऊन, दीर्घ काळानंतर त्याच नावाने पुन्हा बाजारात उभी राहिली. ‘पुनरुत्थान’ हा शब्द आपण जपून वापरतो. म्हणून याला पुनरागमन म्हणू. बजाज चेतकच्या या पुनरागमनाविषयी, तिच्या दोन्ही जन्मांशी ज्यांचा संबंध आला अशा एका घराने चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही म्हणजे आम्ही उभयता. दोघेही शिक्षक, दोघेही आता निवृत्त. मूळ वसईकडचे, परंतु आमच्यापैकी एकाचे वडील, म्हणजे दुसरीचे सासरे, शिक्षकाच्या नोकरीनिमित्त मुरबाड तालुक्यात आले आणि इकडचेच झाले. त्या काळी वसईही ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. आमच्या नोकऱ्या मुरबाडकडे आणि घर शहापुरात, असा संसार झाला. शहापूर ते मुरबाड अंतर सुमारे तीस किलोमीटर. वाटेत सापगावला भातसा ओलांडायची, पुढे काळू ओलांडायची. एसटी चुकली की पुढच्या एसटीची वाट पाहत झाडाखाली उभे राहायचे. अशा मुलखात दोन चाकांचे महत्त्व काय, हे ज्याने पावसाळ्यात ती वाट तुडवली आहे त्याला सांगावे लागत नाही. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. जिथे आमचे एकमत झाले नाही, तिथे मतभेद तसाच ठेवला आहे.

चेतकचा वंशवृक्ष इटलीपर्यंत जातो. दुसऱ्या महायुद्धात पियाज्जिओ कंपनीचा पोन्तेदेरा येथील विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमाने बनवण्याचे काम उरले नाही. कामगारांना मात्र काम हवे होते, आणि गरीब झालेल्या देशाला स्वस्त वाहन हवे होते. कोर्रादिनो दास्कानियो नावाच्या विमान-अभियंत्याने १९४६ साली व्हेस्पा रेखाटली. या गृहस्थाला मोटरसायकल आवडत नसे. तेलाने कपडे माखतात, चाक काढणे कठीण, बसायला टांग टाकावी लागते, अशा त्याच्या तक्रारी होत्या. म्हणून त्याने इंजिन पत्र्याखाली झाकले, पायांसाठी पुढे सपाट जागा ठेवली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले. सांगाड्यावर पत्रा न चढवता पत्र्याचेच अंग केले. झगा घातलेली बाई आणि धोतर नेसलेला मास्तर यांना सारख्याच सोयीने बसता येईल असे हे वाहन होते. दास्कानियोने धोतर पाहिले होते की नाही कोण जाणे. परंतु त्याची स्कूटर आपल्या देशाच्या अंगाला बरोबर बसली.

बजाज कंपनीने १९६० च्या सुमारास पियाज्जिओच्या परवान्याने आकुर्डीला स्कूटरचे उत्पादन सुरू केले. तो करार १९७१ साली संपला, आणि १९७२ साली त्याच घडणीची गाडी ‘चेतक’ या नावाने बाहेर पडली. हळदीघाटीच्या लढाईत राणा प्रतापाला वाहून नेणाऱ्या घोड्याचे नाव तिला दिले होते. सुमारे १४५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत चार गिअर, दहा इंची चाके आणि मागे पाठीवर स्टेपनी. वर्षानुवर्षे त्यात फारसा बदल झाला नाही. बदलण्याची गरजच नव्हती, कारण गाडी मिळत नव्हती. किती गाड्या बनवायच्या हे सरकारचा परवाना ठरवत असे. नाव नोंदवायचे आणि वर्षे मोजायची. आमच्या वडिलांनी १९७७ साली नाव नोंदवले आणि १९८३ साली गाडी दारात आली. सहा वर्षे! दरम्यान घरात दोन लग्ने आणि एक बाप्तिस्मा झाला. परदेशातील नातलगाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे, आणि मिळालेली गाडी दुसऱ्या दिवशी अधिक किमतीला विकणारेही होते.

या दुर्मिळतेची एक काळी बाजू होती, आणि आज गोड आठवणी काढताना ती झाकली जाते. त्या काळात चेतक ही लग्नाच्या बाजारातली एक अट होती. मुलीच्या बापाने स्वतःसाठी नोंदवलेली गाडी जावयाच्या नावावर चढत असे. आपल्या समाजात हुंडा नाही असे आपण म्हणतो. परंतु ‘भेट’ या गोंडस शब्दाआड किती स्कूटर उभ्या होत्या, हे ज्याचे त्याने आपल्या घराण्यात आठवून पाहावे. १९८९ साली ‘हमारा बजाज’ची जाहिरात दूरदर्शनवर आली आणि साऱ्या देशाला ती गाडी आपली वाटू लागली. ज्यांना ती परवडत नव्हती त्यांनाही वाटली, हे त्या जाहिरातीचे यश.

आमची चेतक निळ्या रंगाची होती. सकाळी तिला एका कुशीवर कलती करायची, मग सरळ उभी करून किक मारायची, हा विधी ठरलेला. तीन किकमध्ये चालू झाली तर दिवस चांगला. नाही झाली, तर प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, त्याचा निळसर धूर मागे राहत असे. पेट्रोल संपत आले की सीटखालचा कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवायचा, आणि पुढचा पंप कल्याणच्या दिशेला की शहापूरच्या, याचा विचार करायचा. इंजिन उजव्या बाजूला असल्याने गाडीचा तोल किंचित त्या अंगाला. सवय होईपर्यंत ती नवख्याला ओढून नेई.

परंतु तिने काय वाहिले नाही! पुढच्या सपाट जागेवर गॅसचे सिलिंडर, तांदळाचे कट्टे, म्हशाच्या यात्रेतून आणलेल्या घोंगड्या, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. पौष पौर्णिमेला म्हशाला गुरांचा मोठा बाजार भरतो. तिथल्या गर्दीतून चेतक नेणे म्हणजे बैलांच्या शिंगांतून वाट काढणे. उन्हाळ्यात पाण्याचे कॅन वाहिले. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. आणि याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या कुशीत राहून स्कूटरवर पाणी वाहणे, हे आमच्या तालुक्याचे प्राक्तन आहे. रविवारी मिस्साला जाताना याच गाडीवर वडील चालक, पुढे उभा एक नातू, मागे आई आणि तिच्या मांडीवर दुसरा, अशी स्वारी निघत असे. आज कोणी असे निघाले तर पोलीस थांबवतील, आणि ते योग्यच करतील.

मग काळ बदलला. मोटरसायकल कमी पेट्रोल पिऊ लागली. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९८४ साली होंडाच्या साहाय्याने बिनगिअरची, बटन दाबताच सुरू होणारी स्कूटर आणलीच होती. २००१ च्या सुमारास होंडाची ऍक्टिव्हा आली आणि तिने बाजार व्यापला. टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर नव्या नियमांत बसेना. चेतकला फोर-स्ट्रोक इंजिन देऊन पाहिले. परंतु ग्राहक निघून गेला होता. चेतक बंद झाली, आणि २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटरचा व्यवसायच सोडत असल्याचे जाहीर केले. निर्णय राजीव बजाज यांचा होता. त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपल्याला तो रुचला नाही हे उघडपणे सांगितले. पितापुत्रांत मतभेद असावा आणि तो चारचौघांत मांडता यावा, ही गोष्ट त्या वेळी आम्हांला चेतकपेक्षाही दुर्मिळ वाटली.

आता थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. जुन्या लाडक्या वाहनाचे रूप घेऊन नवे वाहन विकण्याची रीत गेल्या तीस वर्षांत रूढ झाली. फोक्सवॅगनने १९९४ साली अमेरिकेतील एका प्रदर्शनात जुन्या ‘बीटल’ची आठवण करून देणारी एक गाडी ठेवली, लोकांनी एवढी गर्दी केली की १९९८ पासून ती विकायला आली. मूळ बीटलचे इंजिन मागे आणि हवेने थंड होणारे. नवीचे इंजिन पुढे आणि पाण्याने थंड होणारे. जे गोल छप्पर पूर्वी स्वस्त घडणीतून आले होते, तेच आता शोभेसाठी आले. २००१ साली ‘मिनी’ परत आली, तीही जर्मन बीएमडब्ल्यूच्या घरातून. आणि १९५७ सालची इटलीची चिमुकली ‘फियाट ५००’ बरोबर पन्नास वर्षांनी, २००७ साली, नव्या अवतारात आली. मूळ गाडीचे इंजिन जेमतेम ४७९ सीसीचे. दान्ते जाकोझा यांनी ती स्कूटरवरून फिरणाऱ्या सामान्य कुटुंबाला चार चाके मिळावीत म्हणून रेखाटली होती. नवी फियाट ५०० पुढच्याच वर्षी, २००८ साली, भारतात आली तेव्हा तिची किंमत पंधरा लाखांच्या घरात होती.

इथे एक मौज लक्षात येते. गरिबांसाठी केलेली गाडी पन्नास वर्षांनी श्रीमंतांची हौस होऊन परत येते. जुन्या हलाखीची आठवण आता महाग विकली जाते. उलट आपल्याकडे कुर्ल्याला बनणारी, लाखो प्रवाशांना टॅक्सी म्हणून वाहून नेणारी प्रीमियर पद्मिनी परत आलीच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. कोणाला परत बोलवायचे हे बाजार ठरवतो. आठवणींच्या खोलीशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून परत आलेल्या प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारला पाहिजे: तू कोणासाठी परत आलीस?

चेतकला हा प्रश्न आम्ही विचारला. १६ ऑक्टोबर २०१९ रोजी दिल्लीत नितीन गडकरी यांच्या हस्ते नव्या, विजेवर चालणाऱ्या चेतकचे अनावरण झाले. जानेवारी २०२० मध्ये ती पुणे आणि बंगळूर येथे विकायला आली. प्रारंभीची किंमत एक लाख रुपये. ज्या राजीव बजाजांनी स्कूटर बंद केली होती, त्यांच्याच कारकिर्दीत ती परत आली. जून २०२२ मध्ये, राहुल बजाज यांच्या निधनानंतर चार महिन्यांनी, आकुर्डीत तिच्यासाठी नवा कारखाना उघडला. मूळ चेतकही आकुर्डीतच घडली होती. आणखी एक योगायोग असा, की पियाज्जिओची व्हेस्पा २०१२ पासून बारामतीत बनते. म्हणजे इटलीत एकाच आईच्या पोटी जन्मलेली ही भावंडे आता पुणे जिल्ह्यात शेजारी म्हणून नांदत आहेत. २०२५ साली कायनेटिकनेही आपल्या जुन्या ‘डीएक्स’चे विजेवर चालणारे रूप आणले. तेव्हा ही लाट एकट्या चेतकपुरती नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये चेतकची नवी मालिका आली. तिच्यात साडेतीन युनिट वीज साठवणारी बॅटरी पायाखालच्या जागेत बसवली आहे, आणि सीटखाली पस्तीस लिटरची डिकी मोकळी झाली आहे. आम्ही गाडी घेतली ती यांपैकी, २०२५ साली, सव्वा लाखाच्या आसपास. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात एवढी रक्कम विचार केल्याशिवाय निघत नाही. म्हणून ती वर्षभर वापरल्यावर तिचा हिशेब नीट मांडावा असे वाटले.

प्रथम रूप. गोल दिवा, वळणदार अंग, एकाच बाजूने धरलेले पुढचे चाक आणि खराखुरा पत्रा. आजकालच्या बहुतेक स्कूटरच्या अंगाला प्लास्टिक असते. हिच्या अंगावर टिचकी मारली तर पत्र्याचा नाद येतो. शहापूरच्या बाजारात आमच्या वयाची माणसे जवळ येऊन प्रथम तीच टिचकी मारतात. तरुण मुले मारत नाहीत. ती पडद्यावरचे आकडे पाहतात. जुन्या गाडीशी तिचे साम्य मुलाचे आजोबांशी असावे तसे आहे. नाक तेच, पण हुबेहूब नव्हे. पाठीवरची स्टेपनी मात्र गेली. चाके आता ट्यूबलेस आहेत, खिळा शिरला तरी हवा एकदम जात नाही, हे खरे. परंतु खर्डी-कसाऱ्याच्या बाजूला आडरानात पंक्चरवाल्याचे दुकान दहा किलोमीटरवर असते, तिथे पाठीवरच्या चाकाचा धीर काही वेगळाच होता. आम्ही ट्यूबलेस दुरुस्तीचा संच आणि हवा भरायचा छोटा पंप डिकीत ठेवतो.

आता चालवण्याविषयी, आणि इथेच आमचे दोघांचे मार्ग वेगळे होतात. आमच्यापैकी एकाने जुनी चेतक तीस वर्षे चालवली. त्याच्या डाव्या मनगटाला अजून गिअर आठवतात. नवी गाडी त्याला शहाणी, सभ्य आणि किंचित अबोल वाटते. आवाज नाही, धूर नाही, किक नाही. मूठ पिळली की निघाली. त्याच्या मते गाडीशी झटापट केल्याशिवाय तिच्याशी ओळख होत नाही.

दुसरीने जुनी चेतक एक दिवसही चालवली नाही. तीस वर्षे ती मागे, एका बाजूला पाय सोडून, पदर सावरत, मांडीवर मूल आणि हातात पिशवी घेऊन बसली. जड गाडी, कठीण क्लच, कलती करायचा तो विधी, आणि बाईने स्कूटर शिकण्याची कोणाला न सुचलेली कल्पना, यामुळे गाडी घरात असूनही तिला शाळेत जायला एसटीच होती. नवी गाडी तिने निवृत्तीनंतर शिकली, परवाना काढला, आणि आज सापगावचा पूल ती एकटी ओलांडते. बिनगिअरच्या गाड्या यापूर्वीही होत्या, हे मान्य. कायनेटिक आणि ऍक्टिव्हाने कितीतरी स्त्रियांना घराबाहेरचा रस्ता दिला. आमच्या घरात मात्र तो चेतकच्या नावाने आला. तिच्या मते ‘जुनी गाडी किती गोड होती’ हे हँडल ज्याच्या हातात होते त्यानेच म्हणावे. मागे बसणाऱ्याची आठवण वेगळी असते, आणि तिची पाठ अजून दुखते. या मुद्द्यावर पहिल्याने पुष्कळ विचार केला. त्याला उत्तर सापडलेले नाही.

पल्ल्याचा हिशेब असा. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १५३ किलोमीटर, असा कंपनीचा आकडा आहे. असे आकडे ठराविक वेगाने आणि ठराविक चाचणीत काढलेले असतात; चढ, मागचा माणूस, पावसातला वारा आणि मूठ पिळण्याची सवय यांनी ते खाली येतात, हा सर्वच वाहनांचा धर्म आहे. आमची गरज शहापूर ते मुरबाड जाऊन-येऊन साठ किलोमीटर आणि गावातली चार कामे एवढीच. तेवढे ती चिंता न देता करते. उतारावर वेग कमी करताना थोडी वीज बॅटरीत परत जमा होते, ही गोष्ट आमच्यातील गणित शिकवणाऱ्याला फार आवडली.

खर्चाचे गणित मांडू. पूर्ण भरायला साडेतीन युनिट आणि वाटेतली गळती धरून चार युनिट समजा. युनिटला दहा रुपये धरले तरी चाळीस रुपये झाले. मुरबाडच्या एका फेरीत सारी बॅटरी संपली असे मानले, आणि ती संपत नाही, तरी खर्च चाळीसच्या आत. जुन्या चेतकला तेवढ्या अंतरासाठी दीड लिटर पेट्रोल लागे. आज लिटरने शंभरी ओलांडली आहे, वर तेल. म्हणजे दर फेरीला निदान एकशे दहा रुपये वाचले. जो रोज फेरी करतो त्याचे वर्षाला तीस हजारांहून अधिक वाचतील, आणि त्याने ही गाडी निःशंक घ्यावी. आमच्यासारखा आठवड्याला दोनदा जाणारा वर्षाला अकरा-बारा हजार वाचवील. गाडीची किंमत वसूल व्हायला दशक लोटेल. त्यातच बॅटरीची हमी तीन वर्षे किंवा पन्नास हजार किलोमीटरची आहे, आणि पुढे कधी ती बदलावी लागली तर तो मोठा खर्च असेल. तेव्हा निवृत्त माणसाने ‘पैसे वाचतात’ म्हणून ही गाडी घेतली असे सांगू नये. आम्ही तसे सांगत नाही.

वीज भरण्याच्या बाबतीत खेड्याला एक अनपेक्षित लाभ आहे. मुंबईच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला खाली गाडीपर्यंत वायर कशी न्यावी हा प्रश्न पडतो. आमच्याकडे ओटी आहे, ओटीवर पंधरा अँपिअरचा प्लग आहे आणि गाडी त्याच्या शेजारी उभी राहते. तीन-साडेतीन तासांत ऐंशी टक्के भरते. परंतु जून-जुलैत वारा सुटला, फांदी तारांवर पडली की वीज जाते; कधी तासभर, कधी रात्रभर. म्हणून पावसाळ्यात रात्रीवर भरवसा ठेवायचा नाही. वीज असेल तेव्हा भरून घ्यायची. पाण्याचा हंडा भरून ठेवणाऱ्या तालुक्याला ही शिस्त नवी नाही. आणि धूर आमच्या रस्त्यावर सोडत नाही म्हणून गाडी अगदी निष्पाप, असेही नव्हे. महाराष्ट्रातील बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच तयार होते. धूर कोणाच्या तरी गावात आहेच. एवढे मात्र खरे, की मागे बसलेल्या मुलाच्या नाकात तो जात नाही.

शांतपणाचा एक तोटा आहे. म्हशी, कुत्री आणि मोबाइलमध्ये डोके घातलेली माणसे यांना ती ऐकू येत नाही. बाजाराच्या दिवशी आम्ही अगदी सावकाश जातो आणि हॉर्न वाजवतो. जुनी चेतक काळूच्या पुलावर आली की घरात चहाचे आधण ठेवले जाई, असे वडील गमतीने म्हणत. नवी दारात येऊन उभी राहते तरी कोणाला पत्ता नसतो.

सर्वांत अवघड भाग आता येतो. मुरबाडला आमचा एक मिस्त्री आहे. जुन्या चेतकचा आवाज ऐकून तो रोग सांगत असे. पॉइंट, कार्ब्युरेटर, क्लचप्लेट, केबल, सारे काही त्याच्या काळ्या झालेल्या बोटांना पाठ. अशा मिस्त्र्यांनी प्रत्येक तालुक्याच्या गावी एक झाड, एक पेटी आणि एक पाना एवढ्या भांडवलावर संसार केले, मुले शिकवली. नवी गाडी आम्ही त्याला दाखवायला नेली. त्याने भोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, “सर, हिच्या पोटात माझ्यासाठी काय हाय? ब्रेक आन् पंक्चर.” नंतर आमच्या सौभाग्यवतीकडे वळून म्हणाला, “बाई, तुमी चालवताय ते ब्येस झालं.” त्याच्या दोन्ही वाक्यांत सत्य होते. ज्या बदलाने एकीचा रस्ता मोकळा केला, त्यानेच दुसऱ्याच्या हातचे काम कमी केले. गाडी बिघडत नाही ही मालकाची सोय. ती न बिघडण्यात कोणाची तरी भाकरी जाते. त्याचा धाकटा मुलगा आयटीआयला विजेचे काम शिकतो आहे, तेवढाच दिलासा. परंतु बापाची विद्या मुलाला उपयोगी पडणार नाही, ही गोष्ट कारागिराला किती लागते ते बोलून दाखवण्यासारखे नाही.

राहिली जुनी निळी चेतक. वडील गेल्यापासून ती पडवीत उभी होती. पंधरा वर्षांनंतर खाजगी वाहनाची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ती आम्ही करत आलो होतो. वसईच्या भावाचे मत, भंगारात द्यावी. बहिणीचे मत, बाबांची आठवण आहे, ठेवावी. कोणी एक शौकीन चांगली किंमत द्यायला तयार होता. अशा गाड्या आता दिवाणखान्यातही ठेवतात म्हणे. अखेर आम्ही ती त्या मिस्त्र्याच्या नावावर करून दिली. जो तिला बरे करू शकतो त्याच्याकडेच ती जिवंत राहील, हा आमचा युक्तिवाद भावंडांना पटला. तिच्या डिकीत वडिलांच्या अक्षरातला एक कागद सापडला: पेट्रोल, तेल आणि किलोमीटर यांचा १९९१ सालचा हिशेब. तो आम्ही ठेवून घेतला. गाडीपेक्षा तो वडिलांच्या अधिक जवळचा आहे.

तर मग निर्णय काय? परत आलेली चेतक ही जुनी चेतक आहे का? यंत्र म्हणून नाही. तिच्यात जुन्याचा एक खिळाही नाही. कंपनीने आमच्या आठवणीला हाक घालून गाडी विकली, हेही आम्ही जाणून आहोत. आठवण नसती तर ते गोल दिवे आमच्या उपयोगाचे नव्हते. परंतु फियाट ५०० प्रमाणे ती सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेली नाही. हप्ते भरून का होईना, शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक ती घेऊ शकतात. घेण्यासाठी सहा वर्षे थांबावे लागत नाही. कोणाच्या लग्नात ती अट म्हणून उभी राहिल्याचे आम्ही तरी ऐकले नाही. तशी कधी न राहो. आणि पायांपुढची ती सपाट जागा शिल्लक आहे. तिच्यावर तांदळाचा कट्टा अजून बसतो.

ज्या वाचकांच्या मनात घ्यावी असा विचार असेल त्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. घरी स्वतःचा प्लग असेल, रोजची वाट ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या आत असेल, तर घ्यावी. केवळ बाबांच्या गाडीची आठवण म्हणून घेणार असाल, तर आधी एखाद्या मिस्त्र्याकडे जुनी चेतक उभी असेल ती पाहून यावी, कलती करून एक किक मारावी, आणि मग ठरवावे. आणि घरात जी व्यक्ती आजवर मागेच बसत आली आहे, तिला विचारल्याशिवाय मुळीच ठरवू नये. दुकानात प्रथम तिच्या हातात हँडल द्यावे. गाडी चांगली की वाईट हे ती आपल्याहून लवकर सांगेल.